मशीन पाण्यात गेलं? आधी पिंप भरा

खाडीच्या तोंडावर लाटेनं होडी पालथी केली. माणसं पोहून वाळूवर आली, मोजून झाली. होडीही दोर लावून ओढून आणली. मग सगळे होडीच्या मागे लावलेल्या मशीनभोवती जमतात. एक जण वरचं टोपण काढतो, दुसरा फडक्यानं पुसतो आणि तिसरा, ज्याच्या दंडात जोर असतो तो, दोरी ओढायला लागतो. "बघू तरी, सुरू होतंय का!"

मशीनचं मोठं नुकसान बऱ्याचदा या तिसऱ्या माणसाच्या हातून होतं.

मासेमारीला किंवा पर्यटकांना फिरवायला तुम्ही नुकतीच छोटी फायबरची होडी आणि मागे लावायचं आउटबोर्ड मशीन घेतलं असेल आणि मेस्त्री चार गावं सोडून राहत असेल, तर पुढचं वाचून ठेवा. मी दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल मशीन डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण नवशिक्याच्या हाती बहुधा तेच येतं. फोर-स्ट्रोक आणि होडीत बसवलेलं डिझेल इंजिन यांच्याबद्दल नंतर सांगतो.

माझं पहिलं मशीन बुडालं ते वादळात नव्हे, निव्वळ आळसापायी. होडीच्या पाठीमागच्या फळीला मशीन ज्या क्लॅम्पनं आवळतात, त्याचे स्क्रू सैल झाले होते आणि मी आदल्या दिवशी हात लावून बघितले नव्हते. जोरात वळण घेतलं आणि मशीन सुटून दीड पुरुष पाण्यात गेलं. गावातल्या पोरांनी बुड्या मारून संध्याकाळी वर काढून दिलं. अंधार पडला होता, अंगात त्राण नव्हतं. पडवीत उभं करून ठेवलं, म्हटलं सकाळी बघू. सकाळी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, तसूभर हलेना. शेजारच्या काकांची उमर मशिनं दुरुस्त करण्यात गेलेली. ते आले, हात लावला आणि म्हणाले, "रातभर पाण्यातच ऱ्हवला असता तर बरा झाला असता."

मला तो टोमणा वाटला. पण ते अक्षरशः खरं होतं.

लोखंड गंजायला पाणी लागतं आणि हवाही लागते. मशीन पूर्ण पाण्याखाली असताना आतल्या लोखंडाला हवा बेताचीच मिळते. वर काढलं की सिलिंडरच्या भिंतीवर, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, बेअरिंगवर, पिस्टनच्या रिंगांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्याला हवी तेवढी हवा मिळते. काही तासांतच बेअरिंगच्या सुयांवर तांबूस डाग दिसायला लागतात. तो डाग पुसला तरी खाली बारीक खड्डा राहतो आणि मिनिटाला चार-पाच हजार फेरे फिरणाऱ्या क्रँकला तेवढा खड्डा पुरतो. म्हणून बुडालेलं मशीन वर काढायची घाई नको. एकदा वर काढलं की मात्र दोन-तीन तासांत काम उरकायला हवं.

वर काढायच्या आधी

माणसं सुखरूप आहेत ना, हे पहिलं. मशीनसाठी ओहोटी जोरात असताना खाडीच्या मुखाशी कोणी उडी मारायची नाही. जागेवर दोरीला बोया बांधून सोडा आणि पाणी थांबेल तेव्हा जा. मशीन तिथे एक भरती जास्त राहिलं म्हणून फारसं बिघडत नाही, वाळू मात्र जरा जास्त जाते.

तोवर किनाऱ्यावर तयारी करा. मशीन उभं मावेल असं दोनशे लिटरचं पिंप, गोडं पाणी, प्लगचा पाना, पेचकस, दोन नवे प्लग, एक लिटर टू-स्ट्रोक ऑइल, नवं पेट्रोल, पाणी झटकणारा स्प्रे, स्वच्छ सुती चिंध्या. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए नावाचं स्पिरिट अर्धा लिटर मिळालं तर उत्तम. गोडं पाणी म्हणजे खरोखर गोडं. किनाऱ्यालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी लागतं, ते चालत नाही. जिभेवर थेंब ठेवून बघा.

मेस्त्री उद्याच येणार असेल, किंवा रात्र झाली असेल आणि तुमच्यात काम करायचा जीव उरला नसेल, तर मशीन तसंच्या तसं गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. टोपण काढून, बॅटरीच्या तारा सोडवून, इंजिनाचा डोक्याकडचा भाग पूर्ण पाण्याखाली जाईल असं. दोन-तीन तासांनी पाणी बदला, म्हणजे मीठ उतरत जातं. बघणारा तुम्हाला वेड्यात काढेल. काढू दे. पडवीत कोरडं ठेवलेल्या मशीनपेक्षा पिंपातलं मशीन सकाळी चांगलं असतं, हे मी पैसे मोजून शिकलोय.

विमा उतरवला असेल तर धुण्याआधी मशीनचे आणि त्यावरच्या नंबराचे फोटो काढून ठेवा.

पाणी काढणं

मशीन उचलताना डोकं वर आणि पंखा खाली, असंच धरा. पायाच्या नळीत, म्हणजे धूर आणि थंड करायचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या पोकळीत, भरपूर पाणी असतं. उलटं धरलंत तर ते सरळ सिलिंडरमध्ये उतरतं.

टोपण काढा, बॅटरी असेल तर तारा सोडवा आणि वरून खालपर्यंत गोडं पाणी सोडा. पाइपाचा जोर कमी ठेवा. जोराच्या धारेनं मीठ आणि वाळू सीलच्या आत ढकलली जाते.

आता प्लग काढा. मनगटाला बांधायची लाल दोरी तिच्या बटणातून काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. शिवाय प्लगच्या वायरींची टोकं इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असताना शेजारी ठिणगी पडली तर काय होईल, ते सांगायला नको. अशी टेकवल्यानं सीडीआयचंही, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचंही, रक्षण होतं.

मग मशीन सुरू करायची दोरी ओढायची नाही. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरायचं आणि नेहमीच्या दिशेनं, म्हणजे वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, हळूहळू फिरवायचं. उलटं फिरवलंत तर पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र दुमडतं.

इथे कान आणि हात दोन्ही जागे ठेवा. तीन गोष्टी होऊ शकतात. चाक सहज फिरलं आणि प्लगच्या भोकातून फुस्स करून पाण्याची पिचकारी उडाली, तर नशीब. चाक फिरतंय पण आतून कर्र कर्र लागतंय, दाताखाली खडा यावा तसं, तर आत वाळू आहे. तिथेच थांबा. प्रत्येक फेऱ्याला ती वाळू सिलिंडरवर ओरखडे काढतेय. असं मशीन पिंपात ठेवा आणि पूर्ण खोलू शकणाऱ्या माणसाकडे न्या. पुराच्या गाळात बसलेल्या इंजिनालाही हेच लागू. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला तेव्हा पाणी ओसरल्यावर मागे काय राहिलं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना गाळ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही. तिसरी शक्यता, चाक एका जागी येऊन अडतं. मशीन चालू असतानाच पाण्यात गेलं असेल तर ही शंका आधी घ्यायची. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वेगानं वर येतो, वर पाणी भरलेलं असतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जोर करून तो सरळ होत नाही.

चाक मोकळं फिरत असेल तर मशीन जुन्या टायरवर आडवं करा, पंख्याची बाजू किंचित खाली. बहुतेक आउटबोर्डना प्लग मागच्या अंगाला आणि कार्बोरेटर पुढच्या अंगाला असतात. आधी प्लगची भोकं जमिनीकडे ठेवून वीस-पंचवीस फेरे द्या, सिलिंडरमधलं पाणी निथळेल. मग कार्बोरेटर सोडवून बाजूला काढा, मशीन दुसऱ्या अंगावर घ्या आणि तेवढेच फेरे पुन्हा. नवशिके हा दुसरा भाग हमखास विसरतात. टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, येतं, मग सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे पाणीही क्रँककेसमध्ये साचतं आणि सगळ्यात महागाचं बेअरिंग तिथेच असतं.

समुद्राचं पाणी होतं म्हणून प्लगच्या भोकांतून आणि कार्बोरेटर काढलेल्या तोंडातून गोडं पाणी घालून हीच कसरत पुन्हा करा. "आधीच पाणी गेलंय, आणखी कशाला घालायचं?" असं प्रत्येक जण विचारतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी निथळेल, सुकेल, मीठ कुठे जाणार?

त्यानंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये पाव वाटी आयपीए, दहा-बारा फेरे, निथळवणं. स्पिरिट उरलेलं पाणी स्वतःत घेऊन बाहेर येतं. ते भडकन पेटणारं आहे, त्यामुळे विडीवाल्यांना लांब बसवा. स्पिरिटनं आतलं तेलही धुतलं जातं, म्हणून लगेच, चहा घेऊन आल्यावर नव्हे, प्रत्येक भोकात आणि कार्बोरेटर काढलेल्या तोंडात दोन-तीन चमचे टू-स्ट्रोक ऑइल घाला आणि फेरे द्या. इथवर आलात की सुटकेचा श्वास घ्यायला हरकत नाही. आता आतल्या लोखंडावर तेल आहे.

कार्बोरेटर आणि पेट्रोल

कार्बोरेटरच्या बुडाशी वाटी असते, तिच्या खालचा छोटा स्क्रू सोडला की पाणी आणि पेट्रोल बाहेर येतं. काचेच्या ग्लासात धरलंत तर तळाशी पाण्याचे गोळे वेगळे दिसतात. पण तेवढ्यावर भागत नाही. वाटी उघडा, जेट काढा, त्यांची केसाएवढी भोकं उजेडाकडे धरून बघा, स्पिरिटनं धुवा, फुंकर मारा. तार घालून साफ करू नका, भोक मोठं झालं तर मशीन कायमचं जास्त पेट्रोल पितं. सुटे भाग सोडवताना मोबाइलवर फोटो काढत गेलात तर जोडताना एखादा स्क्रू उरत नाही.

पेट्रोलची टाकी, रबरी नळी, मधला फुगा, फिल्टर, सगळं रिकामं करा. पूर्वी टाकीत पाणी गेलं तर ते तळाशी बसू द्यायचं आणि वरचं पेट्रोल काढून वापरायचं, अशी पद्धत होती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पाणी मिळालं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याच्या वळचणीला जाऊन बसतं आणि वर राहिलेलं पेट्रोल आधीसारखं राहत नाही. ते टाकीत परत घालायचा मोह टाळा. आणि हे मिश्रण खाडीत ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

वायरींचं काम

विजेच्या भागांना गोडं पाणी लावायला माणूस घाबरतो. बॅटरी सुटलेली असेल तर घाबरायचं कारण नाही, मिठापेक्षा गोडं पाणी परवडलं. प्रत्येक कनेक्टर सोडवा, धुवा, झटका, पंक्चरवाल्याकडच्या हवेनं फुंकून घ्या, मग पाणी झटकणारा स्प्रे मारा. कनेक्टरमधल्या पिनेवर हिरवी भुकटी दिसली तर जुन्या टूथब्रशनं घासून काढा. सेल्फ असेल तर स्टार्टरची मोटर सोडवून इलेक्ट्रिशियनकडे द्या. आत पाणी राहिलं की आठवड्याभरात ती जाम होते आणि मग नव्या मोटरचा खर्च.

बॅटरी समुद्रात बुडाली असेल तर तिला नमस्कार करा. आतल्या ॲसिडमध्ये खारं पाणी मिसळलं की क्लोरीन वायू सुटू शकतो, तो नाकातोंडात झोंबतो. उघड्या हवेत लांब ठेवा, चार्जिंगला लावू नका.

चालू करताना

नवे प्लग आधी बोटांनी फिरवून बसवा, मग पान्यानं आवळा. पेट्रोलमध्ये ऑइल नेहमीपेक्षा दुप्पट. म्हणजे एरवी ५० ला १ घालत असाल, लिटरला २० मिलि, तर आता २५ ला १, लिटरला ४० मिलि.

मशीन पिंपात उभं बांधा, पाणी घेणारी जाळी चांगली वीतभर पाण्याखाली हवी. गिअर न्यूट्रलमध्ये. पंखा काढून ठेवलात तर आणखी बरं, पिंपात पंखा फिरला तर पाणी आणि बोटं दोन्ही उडतात. लाल दोरी बटणात परत लावा, मग सुरू करायची दोरी. आता ओढा हवी तेवढी.

पांढऱ्या धुराचा लोट येईल, मशीन शिंकेल, बंद पडेल, पुन्हा ओढावी लागेल. सुरू झालं की मागच्या भोकातून पाण्याची धार येतेय का, ते पहिल्यांदा बघा. धार नसेल तर लगेच बंद, पंपात वाळू अडकली असेल. धार चांगली असेल तर कमी वेगावर अर्धा-पाऊण तास चालू द्या. इंजिन तापायला हवं, आत दडलेला ओलावा तापल्याशिवाय जात नाही. पिंपातलं पाणी गरम होत जातं, मधूनमधून बदला. अर्ध्या तासानं बंद करून प्लग काढून बघा. टोकावर पाण्याचे थेंब असतील तर पुसून पुन्हा चालवा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवा. पहिल्या दिवशी सुरू झालं म्हणून झाकून ठेवलेली मशिनं महिन्याभरात जाम झालेली मी बघितली आहेत.

एवढं झालं की खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघा. खालचा स्क्रू, मग हवा शिरायला वरचा. दुधाळ, कुल्फीच्या रंगाचं ऑइल आलं तर आत पाणी गेलंय, सील बदलायची वेळ झाली. नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. वरून ओतलंत तर मध्ये हवा अडकते. वॉशर नवे घाला, दहा-वीस रुपयांसाठी जुने वापरू नका.

फोर-स्ट्रोक असेल तर

प्लग काढणं, फिरवणं, कार्बोरेटर, सगळं तेच. फरक चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीतल्या, ऑइलचा. ते काढा, फिल्टर बदला, नवं भरा, दहा मिनिटं चालवा, काढा, पुन्हा नवं. कॉफीसारखा रंग जाईपर्यंत. तीन वेळा तरी करावं लागतं. पेट्रोलात ऑइल मात्र मिसळायचं नाही. इंजेक्शनवालं मशीन असेल तर पाणी काढून, तेल घालून पुढचं काम कंपनीच्या मेस्त्रीवर सोडा, त्यातले सेन्सर घरी हाताळायचे नाहीत.

होडीत बसवलेलं डिझेल

डिझेल इंजिन सहसा उलटून बुडत नाही, ते हळूहळू बुडतं. पंख्याचा शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडची दोरी झिजते, रात्रभर थेंब थेंब पाणी येतं, तळातलं पाणी उपसणारा पंप बंद पडलेला असतो आणि सकाळी तांडेल येऊन बघतो तर इंजिन कमरेएवढ्या पाण्यात. ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला चार-दोन थेंब यावेत, ते हवेतच, त्यावरच दोरी थंड राहते. पण होडी नांगरावर उभी असताना थेंबाची धार होत असेल तर उद्यावर ढकलू नका.

पाणी उपसल्यावर चावी फिरवू नका, हे इथे दुप्पट लागू. डिझेलमध्ये हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, सिलिंडरच्या डोक्यावर जागा जवळजवळ नसतेच. कपभर पाणीसुद्धा रॉड वाकवायला पुरेसं आहे. आधी डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी नेहमीपेक्षा वर दिसली तर ते ऑइल वाढलेलं नाही, खाली पाणी बसलंय. चेंबरचा बोल्ट अगदी थोडा सैल करा. पाणी जड, ते आधी येतं, स्वच्छ पाण्याची धार, मग करडी, मग काळं ऑइल. ही धार पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं मी चुकून भलताच बोल्ट सोडला.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढा, लांब दांड्याचा पाना लावून क्रँक हातानं फिरवा, पाणी उडू द्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घाला. डिझेलची टाकी तळाच्या नळातून रिकामी करा, फिल्टर नवे. डिझेलचा पंप मात्र स्वतः खोलू नका. त्यातला प्लंजर आणि त्याचं घर यांच्यात केसाच्या कितीतरी पट कमी फट असते, पाण्याचा एक डाग पडला तरी तो अडकतो. पंप आणि नोझल टेस्ट बेंच असलेल्या दुकानात द्या. परत बसवल्यावर हवा काढा, फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत, बुडबुडे थांबेपर्यंत. स्वस्तातलं ऑइल भरून दहा मिनिटं चालवा, काढा, पुन्हा भरा. स्टार्टर आणि अल्टरनेटर वाइंडिंगवाल्याकडे, तो धुऊन भट्टीत सुकवून देतो.

मीठ बसलं की बसलंच

पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा, कितीही झाकलं तरी मीठ पाझरतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यानं ते त्याच्याही आधी ओलावतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याहून दमटच असते. म्हणजे मशीनच्या कोपऱ्यात राहिलेलं चिमूटभर मीठ चार महिने सुकतच नाही, त्या जागी खारं पाणी कायम तयार असतं. म्हणून "उन्हात ठेवलं की सुकेल" हा उपाय आपल्याकडे चालत नाही. मीठ धुऊन काढणं, हाच उपाय.

बुडालेलं मशीन सोडा, रोज चालणाऱ्या मशीनलाही फेरीनंतर दहा मिनिटं गोडं पाणी पाजा. पाइपाला जोडायचा, मशीनच्या पायाला दोन बाजूंनी रबरी वाट्या लावणारा चिमटा मिळतो, तो घ्या, नाहीतर पिंप आहेच. इंजिन गरम होईपर्यंत चालवा, कारण आतला थर्मोस्टॅट गरम झाल्यावरच उघडतो. थंड इंजिनात नुसतं पाणी सोडलं तर सिलिंडरभोवतीचं मीठ तिथेच राहतं.

मशीनच्या पायाला राखाडी धातूचे ठोकळे बसवलेले असतात, ते जस्ताचे. नवे मालक ते खडबडीत दिसतात म्हणून घासूनपुसून रंग देतात. तसं करू नका. ॲल्युमिनियमचा पाय, स्टीलचा शाफ्ट आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. त्या बॅटरीत कोणीतरी झिजणार, ते जस्तानं झिजावं म्हणून ते लावलेलं असतं. रंग दिला की जस्त गप्प बसतं आणि ॲल्युमिनियम झिजतं. ठोकळा अर्धा झाला की बदला. आणखी एक, होडीच्या बुडाला शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून लावतात त्या रंगात बऱ्याचदा तांबं असतं. तो उरलेला रंग मशीनच्या पायाला फासू नका, तांबं ॲल्युमिनियमला खातं.

रंगाखाली फोड आले आणि टोचल्यावर पांढरी भुकटी निघाली, तर तेवढा भाग धातू दिसेपर्यंत घासा, गोड्या पाण्यानं धुवा, पूर्ण सुकवा, ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर लावून मग रंग द्या.

पावसाळ्यात मशीन ठेवताना

महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या शाकारून ठेवतात तेव्हा मशीनही ठेवायचं असतं. गोड्या पाण्यावर चालवा, चालू असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडू द्या. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल, चार-सहा फेरे, प्लग परत. गिअरबॉक्सचं ऑइल ठेवतानाच बदला. काढताना बदलू म्हटलं तर आत शिरलेलं पाणी दोन महिने दातांवर बसून राहतं. पंखा काढून शाफ्टला ग्रीस लावा. मशीन उभंच ठेवा, आडवं केलं तर पायातलं पाणी निथळत नाही.

प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर चालते. पंधरा दिवसांनी एकदा चादर उचलून चाकाला दोन फेरे द्या. तेवढ्यात उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही दिसतं. कोरडी जागा त्यांनाही आवडते.

नारळी पौर्णिमेनंतर होडीला मशीन चढवताना क्लॅम्पचे स्क्रू हातानं आवळा, पंधरा मिनिटं चालवून पुन्हा आवळा, कारण लाकडी फळी दबते. मशीनच्या कडीतून स्टीलची साखळी नाहीतर चांगला जाड दोर ओवून होडीला बांधा. दीडशे रुपयांचा तो दोर मी माझ्या पहिल्या मशीनला लावला नव्हता. पहिल्यांदा सुरू केल्यावर सिलिंडरमधलं ऑइल जळून पाच मिनिटं दाट धूर निघतो. अंगणात पिंपात लावून चालवणार असाल तर शेजारच्या वहिनींना वाळत घातलेले कपडे आधी आत घ्यायला सांगा.